खानदेशात मिश्र पद्धतीने तांत्रिक कार्यशाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालये, आयटीआय, शेतकरी गट आणि स्वयंसेवी संस्था कार्यशाळा ठरवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. कार्यशाळा म्हणजे येथे प्रोग्रॅमिंग, आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर आधारित इलेक्ट्रॉनिक्स, ठिबक सिंचनाचे स्वयंचलन आणि सौर पंपाची देखभाल यांसारखे हाताने करून शिकायचे विषय अभिप्रेत आहेत. केवळ व्याख्यान ठेवायचे असेल तर यातील निम्म्या गोष्टींची गरज नाही.

१. मिश्र पद्धत म्हणजे नेमके काय? आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ वर्गात दाखवला तर ती मिश्र कार्यशाळा होते का?

होत नाही. मिश्र कार्यशाळेत काही जण एका खोलीत आणि काही जण दुसरीकडून जोडलेले असतात, आणि दोन्हीकडच्यांना काम करता करता त्याच क्षणी प्रश्न विचारता येतो. ही शेवटची अट पाळली गेली नाही, तर उरते ते प्रक्षेपण. यूट्यूबवरून थेट दाखवले तरी दृश्य काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत उशिरा पोहोचते, त्यामुळे ‘माझी ही ओळ चालत नाही’ हा प्रश्न येईपर्यंत शिकवणारा दोन पायऱ्या पुढे गेलेला असतो. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ पूर्वतयारीसाठी मात्र जरूर वापरावेत.

खानदेशात या पद्धतीची तीन रूपे दिसतात. तज्ज्ञ पुण्यात किंवा मुंबईत आणि संपूर्ण वर्ग शिरपूरला, हे पहिले. तज्ज्ञ जळगावात एका वर्गासमोर आणि त्याच वेळी नंदुरबार व साक्री येथे दोन केंद्रे जोडलेली, हे दुसरे. सगळे वर्गात आणि एक-दोन जण घरून, हे तिसरे. आमची पसंती दुसऱ्या रूपाला आहे. तिसरे वरवर सोपे वाटते, पण तेच सर्वांत अवघड जाते (प्रश्न १४ पाहा).

२. कोणते विषय या पद्धतीने शिकवता येतात आणि कोणते येत नाहीत?

ज्या कामातील चूक पडद्यावर दिसते ते काम दुरून शिकवता येते. प्रोग्रॅमिंग, स्प्रेडशीट, नकाशांचे सॉफ्टवेअर आणि संगणकावरील आरेखन यांत चुकीचा संदेश शिकवणाऱ्याला जसाच्या तसा वाचता येतो. ज्या कामातील चूक हाताला, नाकाला किंवा कानाला कळते, त्यासाठी जाणकार व्यक्ती खोलीतच हवी. सोल्डरिंगचा सांधा कच्चा राहिला आहे की पक्का झाला आहे, हे कॅमेऱ्यातून ओळखणे कठीण असते, आणि मोटारीच्या बेअरिंगचा बदललेला आवाज मीटिंगचे सॉफ्टवेअर गोंगाट समजून गाळून टाकते. अशा विषयाचे दोन भाग करावेत: सर्किट समजून घेणे, हिशेब आणि प्रोग्रॅम दुरून; जोडणी, सोल्डरिंग आणि चाचणी समोरासमोर. जिवाला धोका असलेल्या कामांबद्दल प्रश्न १७ मध्ये स्वतंत्र उत्तर दिले आहे.

३. तज्ज्ञ ऑनलाइन असेल तर वर्गात मदतनीस किती लागतात आणि त्यांना विषय पूर्ण यायला हवा का?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे, कारण मिश्र कार्यशाळा फसली की दोष इंटरनेटला दिला जातो आणि खरी उणीव बहुतेक वेळा खोलीतल्या माणसाची असते. प्रोग्रॅमिंगसाठी आठ ते दहा शिकणाऱ्यांमागे एक आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी पाच-सहा जणांमागे एक मदतनीस असावा, असे आम्ही सुचवतो. तीस जणांच्या लॅबमध्ये केवळ हजेरी घेणारा एक कर्मचारी बसवून ठेवला, तर पहिल्या तासाभरात दहा जण मागे पडतात आणि ते तसे सांगतही नाहीत.

मदतनीस विषयतज्ज्ञ असण्याची गरज नाही. त्याने कार्यशाळेतील प्रत्येक सराव आधी स्वतः, त्याच लॅबमधील संगणकावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहिलेला असावा. नेहमी होणाऱ्या दहा-बारा चुकांचा कागद त्याच्या हाती असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तज्ज्ञाला मध्येच थांबवण्याचा त्याला स्पष्ट अधिकार असावा. तो अधिकार तज्ज्ञाने सुरुवातीलाच सर्वांसमोर जाहीर करावा, अन्यथा पदवीच्या दुसऱ्या वर्षातली विद्यार्थिनी पुण्याच्या सरांना ‘थांबा’ म्हणणार नाही. मागच्या तुकडीतील विद्यार्थी, आयटीआयचे निदेशक आणि गावातील मोबाइल दुरुस्ती करणारे तरुण हे काम उत्तम करतात. त्यांना मानधन द्यावे. तज्ज्ञाचा प्रवासखर्च वाचतोच, त्यातून ते सहज निघते.

कोण कुठे अडले आहे हे दिसण्यासाठी संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअर कारपेंट्री या उपक्रमाच्या कार्यशाळांत रूढ असलेली दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्यांची रीत उपयोगी पडते. काम झाले की संगणकावर एका रंगाची चिठ्ठी, अडले की दुसऱ्या रंगाची. मदतनिसाने दर दहा मिनिटांनी दोन्ही रंग मोजून आकडा चॅटमध्ये लिहावा, म्हणजे दूरच्या तज्ज्ञाला वर्ग ‘दिसतो’.

४. इंटरनेट किती वेगाचे लागते?

लोक समजतात त्याहून कमी लागते, पण स्थिर लागते. केवळ आवाजाला १०० किलोबिट प्रति सेकंदाच्या आत भागते आणि स्क्रीन शेअरला साधारण ५० ते १५० किलोबिट पुरतात. खरा खर्च चेहऱ्यांच्या व्हिडिओचा असतो, कारण ७२०पी दर्जाच्या चित्राला एक ते अडीच मेगाबिट प्रति सेकंद जातात. म्हणून लिंक डळमळू लागली की आधी व्हिडिओ बंद करावा, स्क्रीन आणि आवाज चालू ठेवावेत.

दुसरी गोष्ट म्हणजे एका केंद्रातून एकाच संगणकाने मीटिंगमध्ये यावे आणि ते चित्र प्रोजेक्टरवर दाखवावे. वीस जणांनी आपापल्या संगणकावरून दीड मेगाबिटचा व्हिडिओ घेतला तर ३० मेगाबिट केवळ पाहण्यातच जातात. फायबरची जोडणी असली तरी पर्यायी म्हणून वेगळ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवावा. वेग मोजायचा तो त्याच खोलीत, त्याच वाराला आणि त्याच वेळी मोजावा. प्राचार्यांच्या कक्षातील वायफायचा आकडा तळमजल्यावरील लॅबला लागू पडत नाही. महाविद्यालयाच्या जाळ्यावर काही संकेतस्थळे बंद केलेली असतात, तेही याच चाचणीत कळते.

धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील काही पाड्यांवर रेंजच मिळत नाही. तेथे मिश्र पद्धतीचा हट्ट धरू नये. शिकणाऱ्यांना रेंज असलेल्या जवळच्या आश्रमशाळेत किंवा महाविद्यालयात बोलवावे, नाहीतर तज्ज्ञाने तेथे जावे.

५. मध्येच वीज गेली तर काय करावे?

लॅपटॉप चार्ज असतात, मोबाइल चालू असतो, आणि बंद पडतो तो राउटर. घरगुती राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो आणि थोडीच वीज घेतो, त्यामुळे राउटरसाठीचा छोटा यूपीएस त्याला काही तास सहज चालवतो. घेण्यापूर्वी अ‍ॅडॅप्टरवरील आकडा वाचावा, कारण काही राउटर ९ व्होल्टचे असतात आणि फायबरची दुसरी पेटी असल्यास तिलाही वीज लागते. डेस्कटॉप संगणकांच्या लॅबला मात्र इन्व्हर्टर किंवा जनित्र असल्याशिवाय दुपारची कार्यशाळा ठेवू नये. शेतावर प्रात्यक्षिक असेल तर तेथील वीज गावठाण फीडरवरून (गाववस्तीच्या वीजवाहिनीवरून) येते की शेतीच्या, हे आधी विचारावे. शेतीच्या फीडरला वीज पाळीने मिळते आणि त्या आठवड्याची पाळी रात्रीची असली तर दिवसा मोटार चालणारच नाही.

६. आवाज घुमतो, कधी शिट्टीसारखा येतो, आणि वर्गातले प्रश्न पलीकडे ऐकूच जात नाहीत. उपाय काय?

शिट्टी येते ती एका खोलीत दोन उपकरणांचे माइक आणि स्पीकर एकाच वेळी चालू असल्यामुळे: एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि तो फिरत राहतो. नियम साधा आहे, एका खोलीत एकच माइक आणि एकच स्पीकर चालू राहील. बाकीच्यांनी स्वतःला म्यूट करून भागत नाही. त्यांनी उपकरणाचा आवाजही पूर्ण बंद करावा किंवा ऑडिओ न जोडता मीटिंगमध्ये यावे.

खानदेशात दुसरा शत्रू म्हणजे कूलर. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना कूलर बंद करा असे सांगणे अमानुष ठरेल, आणि लॅपटॉपमधला माइक समोरच्या माणसापेक्षा कूलरचाच आवाज जास्त पकडतो. म्हणून माइक तोंडापासून वीतभर अंतरावर हवा. शर्टाला लावायचा तारेचा कॉलर माइक महागड्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो आणि कितीतरी जास्त उपयोगी ठरतो. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर माइक घ्यावा. प्रश्न विचारणाऱ्यापर्यंत माइक नेणे शक्य नसेल, तर मदतनिसाने तो प्रश्न माइकवर पुन्हा म्हणावा. समोर बसलेल्यांना ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, तरीही ती सोडू नये.

७. कॅमेरा कुठे लावावा?

वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावलेल्या कॅमेऱ्यातून केवळ डोक्यांच्या रांगा दिसतात. एक जुना मोबाइल स्टँडवर उलटा, टेबलाकडे तोंड करून लावावा. ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता सर्किट जोडायची पाटी), हात आणि मल्टिमीटरचा आकडा दिसणे शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा महत्त्वाचे आहे. फळ्यापेक्षा कागदावर जाड पेनाने लिहिलेले पलीकडे स्पष्ट दिसते. स्क्रीन शेअर करताना अक्षरे इतकी मोठी करावीत की मोबाइलवरही वाचता येतील, आणि पडद्याचा खालचा चतुर्थांश भाग रिकामा ठेवावा; वर्गातील प्रोजेक्टरवर पुढच्या रांगेची डोकी तेवढा भाग झाकतात.

८. लॅबमधील संगणक जुने आहेत. सॉफ्टवेअर कार्यशाळेच्या दिवशी उतरवून घेतले तर चालेल का?

चालणार नाही, संगणक नवे असले तरीही. तीस जणांनी एकाच वेळी डाउनलोड सुरू केले की मीटिंगची लिंकही कोलमडते. लागणारे सर्व इन्स्टॉलर, सरावाच्या फाइली आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची पॅकेजेस (तयार जोडभाग) आधी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावीत. ही पॅकेजेस बसवणाऱ्या पिप या प्रोग्रॅमला इंटरनेटऐवजी पेनड्राइव्हवरील फोल्डरमधून पॅकेज घ्यायला सांगता येते. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, अशा वेळी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा.

जुन्या संगणकांबाबत ठरलेल्या अडचणी आहेत. विंडोज ७ वर पायथनची ३.८ ही शेवटची मालिका चालते आणि क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, त्यामुळे तज्ज्ञाने आपल्या नव्या लॅपटॉपवर लिहिलेला प्रोग्रॅम तेथे अडू शकतो. आर्डुइनोच्या आयडीईची (प्रोग्रॅम लिहून बोर्डावर पाठवण्याच्या सॉफ्टवेअरची) दुसरी पिढी ६४ बिटचा विंडोज १० मागते. जुन्या यंत्रांवर १.८.१९ ही आवृत्ती टाकावी. बाजारात मिळणाऱ्या उनो या आर्डुइनो प्रकारातील स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच ३४० ही यूएसबी जोडणीची चिप असते आणि तिचा ड्रायव्हर नसेल तर संगणकाला बोर्ड दिसतच नाही. अनेक महाविद्यालयीन लॅबमध्ये संगणक पुन्हा सुरू झाला की आपोआप पूर्वस्थितीवर नेणारे सॉफ्टवेअर असते. आदल्या संध्याकाळी केलेली सगळी तयारी सकाळी पुसली जाते, म्हणून लॅब सहायकांकडून ते बंद करून घ्यावे आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड असलेली व्यक्ती त्या दिवशी रजेवर नाही याची खात्री करावी.

९. काही जणांकडे फक्त मोबाइल आहे. त्यांना घ्यावे का?

पाहण्यापुरते घ्यावे, शिकण्यासाठी घ्यायचे असेल तर केंद्रात बोलवावे. एकाच लहान पडद्यावर शिकवणे पाहणे आणि त्याच पडद्यावर प्रोग्रॅम लिहिणे जमत नाही. शिवाय डेटाचा हिशेब करावा: दीड मेगाबिटचा व्हिडिओ तासाला सुमारे ६७५ एमबी खातो, म्हणजे दिवसाला दीड जीबी मिळणारा पॅक अडीच तासांच्या आतच संपतो. केवळ आवाज आणि स्क्रीन घेतल्यास तोच खर्च तासाला १०० एमबीच्या आसपास राहतो. एका लॅपटॉपवर दोघांची जोडी लावणे हा मोबाइलपेक्षा कितीतरी चांगला मार्ग आहे, फक्त दर वीस मिनिटांनी कीबोर्ड दुसऱ्याच्या हाती गेला पाहिजे.

१०. किट दूरच्या केंद्रांवर कसे पोहोचवावे?

कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने, किमान आठवडाभर आधी, आणि मोजून. प्रत्येक किटमध्ये साहित्याची यादी असावी आणि दर दहा किटांमागे एक जादा असावे. एलईडी जळतात, जम्पर वायर आतून तुटतात, आणि यूएसबी केबल केवळ चार्जिंगची निघाली तर तिच्यातून डेटा जातच नाही. हा शेवटचा दोष शोधण्यात तास जातो, म्हणून केबल पाठवण्याआधीच तपासावी. एलईडीसोबत २२० ओहमचे रोधक पुरेसे पाठवावेत. किट वेळेवर न पोहोचल्यास टिंकरकॅड किंवा वोक्वी या संकेतस्थळांवरील आभासी सर्किटवर पहिले सत्र घेता येते.

११. दिवस आणि वेळ कशी ठरवावी?

पुण्याच्या तज्ज्ञाला शनिवार-रविवार सोयीचे असतात. येथे आधी आठवडे बाजाराचा दिवस आणि परतीची शेवटची एसटी पाहावी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुली माहेरी येतात, श्रावणात कानबाई देवी बसते, दसऱ्यानंतर कापसाची वेचणी जोरात असते आणि उन्हाळ्यात लग्नसराई. या काळात नोंदणी भरपूर आणि उपस्थिती तुरळक असा अनुभव येतो. उन्हाळ्यात सकाळी ८ ते ११ हीच वेळ योग्य.

सलग सहा तास ऑनलाइन बसवू नये. दीड तासाची दोन सत्रे आणि मधल्या वेळेत केवळ मदतनिसांसह सराव, ही मांडणी टिकते. झूमची विनामूल्य मीटिंग ४० मिनिटांनी आणि गूगल मीटची, तिघे किंवा अधिक असल्यास, ६० मिनिटांनी बंद होते. त्या मर्यादेलाच सत्राचा विराम ठेवावा किंवा सशुल्क खाते घ्यावे.

१२. तज्ज्ञ मराठीत शिकवतात, तरी मुलांना कळत नाही असे मदतनीस म्हणतात. का?

दुरून बोलताना वेग वाढतो आणि समोरच्या चेहऱ्यावरचा गोंधळ दिसत नाही, हे पहिले कारण. दुसरे असे की घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारा विद्यार्थी अनोळखी माणसासमोर प्रमाण मराठीत प्रश्न मांडायला कचरतो. मदतनिसाने शेजारी बसून ‘काय व्हयनं?’ एवढेच विचारले तरी तो मोकळा होतो. तांत्रिक संज्ञांचे ओढूनताणून भाषांतर करू नये. लूप, व्हेरिएबल, रिले हे शब्द तसेच ठेवून त्यांचा अर्थ पाण्याची टाकी, मोटार, व्हॉल्व्ह यांच्या उदाहरणांनी सांगावा.

१३. कार्यशाळेचे रेकॉर्डिंग करता येईल का?

करावे, पण आधी सांगून. शक्यतो केवळ स्क्रीन आणि शिकवणाऱ्याचा आवाज घ्यावा, शिकणाऱ्यांचे चेहरे आणि नावे टाळावीत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, त्यामुळे शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांनी संमतिपत्र प्रवेश अर्जासोबतच घ्यावे.

१४. सगळे वर्गात आहेत आणि एक-दोघेच घरून आहेत. त्यांच्याकडे लक्ष कसे द्यावे?

दिले जात नाही, हे प्रामाणिक उत्तर आहे. समोर पंचवीस जण असताना पडद्यावरील दोन नावे शिकवणारा विसरतोच. त्या दोघांसाठी एक मदतनीस पूर्णपणे राखून ठेवावा, त्याने फोनवर त्यांच्या संपर्कात राहावे आणि वर्गात कोणाचाही प्रश्न घेण्याआधी त्यांचा प्रश्न घेतला जावा. एवढे शक्य नसेल तर त्यांना पुढच्या तुकडीत घ्यावे.

१५. तीन केंद्रांपैकी एक केंद्र मागे पडले तर सर्वांना थांबवावे का?

दहा मिनिटांपर्यंत थांबावे, त्याहून अधिक नाही. थांबलेल्या केंद्रांना देण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर एक जादा सराव छापून ठेवावा. दहा मिनिटांनंतर मागे पडलेल्या केंद्राला त्या टप्प्याची पूर्ण झालेली फाइल द्यावी आणि तेथून पुढे जावे. राहिलेला भाग त्यांच्या मदतनिसाने प्रश्न ११ मध्ये सांगितलेल्या मधल्या वेळेत भरून काढावा.

१६. तज्ज्ञाचीच लिंक तुटली आणि परत जुळली नाही तर?

मदतनिसाकडे छापील सराव असेल तर वर्ग अर्धा-पाऊण तास स्वतःच चालतो. तोवर तज्ज्ञाने साध्या फोनवर यावे आणि मदतनिसाने तो फोन कॉलर माइकजवळ स्पीकरवर ठेवावा. इंटरनेट नसले तरी फोनचा आवाज बहुधा पोहोचतो, आणि सर्वांकडे पृष्ठ क्रमांक असलेला तोच कागद असेल तर ‘पान चार, तिसरी ओळ’ एवढ्यावर शिकवणे पुढे नेता येते.

१७. सौर पंपाचा कंट्रोलर उघडून दाखवायचा आहे. तज्ज्ञ ऑनलाइन आहेत. त्यांच्या सूचनेवरून विद्यार्थ्यांनी काम केले तर चालेल का?

कोणत्याही परिस्थितीत नाही. पंपाची पॅनेल मालिकेत जोडलेली असल्याने एकूण दाब शेकडो व्होल्टपर्यंत जातो, आणि ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाहीत. शिवाय ही डीसी वीज आहे. घरातील ५० हर्ट्झची एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने तिची ठिणगी विझण्यास वाव असतो. डीसीची ठिणगी तशी विझत नाही, भारावर असताना जोडणी ओढली तर ती पेटती राहते. कंट्रोलरमधील कपॅसिटर वीज तोडल्यानंतरही काही काळ भारलेले असतात. दूरच्या तज्ज्ञाला विद्यार्थ्याचा दुसरा हात कुठे आहे हे दिसत नाही, आणि दिसले तरी त्याची सूचना पोहोचण्याआधी अपघात होऊन गेलेला असतो.

अशा सत्रात काम करणारा परवानाधारक वीजतंत्री खोलीत हवा, कंट्रोलर त्यानेच उघडावा आणि विद्यार्थ्यांनी तो वीजजोडणी नसलेल्या, सुट्या संचावर हाताळावा. तज्ज्ञाने दुरून समजावून सांगण्यास हरकत नाही. २३० व्होल्टच्या स्टार्टरला आणि थ्री-फेज पॅनेलला हाच नियम लागू आहे, आणि वीजतंत्री त्या दिवशी येऊ शकला नाही तर प्रात्यक्षिक पुढे ढकलावे व त्या वेळेत सर्किटची आकृती वाचण्याचा सराव घ्यावा.